आधी कावळा शिवा, मग प्रदर्शनाला जा: आर्ट क्विल्टची पहिली वाट

आर्ट क्विल्टच्या नादाला बहुतेक जण प्रदर्शनातून लागतात. भिंतीवर टांगलेली भली मोठी कामं पाहून एक तर "हे या जन्मी आपल्याला जमायचं नाही" म्हणून सोडून देतात, नाही तर घरी येऊन थेट पलंगाच्या मापाचं कापड कापायला घेतात. दुसऱ्या प्रकारातली मी. माझं ते पलंगभर काम तीन वर्षं कपाटात घडी घालून पडलं होतं आणि शेवटी त्याच्या पिशव्या झाल्या.

म्हणून नव्याने येणाऱ्याला मी उलटा क्रम सांगते. आधी फूटभर लांब, फूटभर रुंद असं एकच क्विल्ट शिवा. पण ते पुरं करा: कडा बंद, मागे टांगायची सोय, नावाची पट्टी, सगळं. मग प्रदर्शनाला जा. स्वतः एक कोपरा वळवताना दमछाक झालेली असली, की दुसऱ्याचा कोपरा दिसायला लागतो. एरवी आपण नुसते रंग बघून परततो.

आर्ट क्विल्ट म्हणजे नेमकं काय

रचना गोधडीचीच. वरचं कापड, मधला मऊ थर, खालचं अस्तर आणि तिन्ही थर एकत्र धरून ठेवणारे टाके. फरक एवढाच, की हे पांघरायचं नसतं, बघायचं असतं. त्यामुळे ते धुण्यात टिकेल का, पलंगाला पुरेल का, हे प्रश्न सुटतात आणि चित्राचे प्रश्न सुरू होतात.

भिंतीपर्यंतचा हा प्रवास लांबचा आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कापडाचे आकार कापून, ते दुसऱ्या कापडावर शिवून बायबलातल्या गोष्टी मांडल्या. त्यांची दोनच क्विल्ट्स आज शिल्लक आहेत, एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आणि एक बॉस्टनच्या कलासंग्रहालयात. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली जुनी पलंगावरची क्विल्ट्स आधुनिक चित्रांसारखी भिंतीवर लावली, आणि लोक त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. १९७९ मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी 'क्विल्ट नॅशनल' हे फक्त आर्ट क्विल्टसाठीचं प्रदर्शन सुरू झालं. जागा कुठली, तर गाईंचा जुना गोठा! आता तिथे कलाकेंद्र आहे. ते सुरू करणारे लोक पांढऱ्या भिंतींच्या दालनाची वाट बघत बसले असते, तर बसूनच राहिले असते.

आकार कापून कापडावर शिवायची पॉवर्स यांची पद्धत, म्हणजे ॲप्लिके, हीच आपण पहिल्या कामासाठी घेऊ.

विषय: तारेवरचा कावळा

पहिल्या वेळी सूर्यास्त, समुद्र, आजीचा चेहरा असलं काही काढू नका. बाह्यरेषेवरून ओळखू येईल असा एकच आकार घ्या. मी कावळा सुचवते. तो गडद असतो, आकाश फिकट असतं, आणि तो ज्या तारेवर बसतो ती तार कापायची गरजच नाही, ती दोऱ्यानेच शिवता येते.

सामान थोडंच लागतं. पार्श्वभूमीसाठी १४ बाय १४ इंच सुती कापड, कावळ्यासाठी गडद रंगाचे पाच-सहा तुकडे, अस्तराला १६ बाय १६ इंच कापड आणि तेवढाच मधला थर. या थराला बॅटिंग म्हणतात. सुती आणि पातळ घ्या. जाड, फुगीर पॉलिएस्टर मशीनखाली सरकतं आणि नवशिक्याला रडवतं. शिवाय फ्यूजिबल वेबचा एक तुकडा लागेल. हे म्हणजे एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला इस्त्रीने वितळणारा सुका गोंद. गोल पात्याचं रोटरी कटर, कापताना खाली ठेवायची चटई, ॲक्रिलिकच्या पट्ट्या यांची घाई नको. धारदार कात्री आणि काटकोन असलेली कुठलीही पट्टी पुरते. (चटई घेतलीतच, तर तिच्यावर कधी इस्त्री करू नका. एकदा वाकडी झाली की ती सपाट होत नाही.)

जुने कपडे वापरले तरी चालतात. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायकांनी तर झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून केलेली क्विल्ट्स संग्रहालयांत पोचवली. फक्त कापड उजेडात धरून बघा. पलीकडची बोटं स्पष्ट दिसत असतील तर ते कावळ्याला नको. सगळं आधी धुऊन घ्या. लाल आणि गडद निळ्यावर माझा कधीच विश्वास नसतो: कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबायचा, फडक्याला रंग लागला की ते कापड बाद.

रंगापेक्षा गडद-फिकट

इथे थोडं थांबू या, कारण बहुतेक कामं इथेच फसतात. आपण रंग निवडतो, पण चित्र वाचलं जातं ते गडद-फिकटावरून. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले की आपल्याला ते वेगळे वाटतात. दोन्ही सारखेच गडद असतील, तर सहा पावलांवरून त्यांचा एकच डाग होतो.

तपासायला सोपी युक्ती आहे. निवडलेले तुकडे जमिनीवर मांडा, फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. कावळा पार्श्वभूमीपासून सुटा दिसतो का? पंख अंगापासून सुटा दिसतो का? नसेल तर तुकडा बदला. बिसा बटलर या अमेरिकन कलावंत जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून माणसांची क्विल्ट्स करतात. चेहऱ्यावर जांभळं, निळं, किरमिजी असं काहीही असतं, तरी माणूस समोर उभा राहतो, कारण गडद-फिकट जागच्या जागी असतं. तेव्हा कावळ्याला काळंच कापड हवं असं नाही. अंगाला गडद निळं, पंखाला वांगी रंगाचं बारीक छापाचं, चोचीला करडं घ्या. नुसतं काळं कापड लावलं तर कावळ्याच्या जागी भोक दिसतं.

आकार कापणं आणि चिकटवणं

फ्यूजिबल वेबच्या कागदी बाजूवर आकार काढायचा, पण उलटा. आरशात दिसतो तसा. कारण तो कापडाच्या उलट बाजूला चिकटतो आणि सुलट करताना फिरतो. माझा पहिला कावळा याच कारणाने चौकटीबाहेर तोंड करून बसला. मी त्याला डाव्या काठाजवळ, उजवीकडे बघताना काढला होता; चिकटवल्यावर तो डाव्या काठाला चोच टेकवून बसलेला निघाला. चिकटलेला तुकडा सुटला नाही. आता मी कागदावर आधी बाण काढते.

क्रम असा. अंग, शेपूट, पंख, चोच वेगवेगळे काढा. दोन तुकडे जिथे भेटतात तिथे खालच्या तुकड्याला पाव इंच जास्त ठेवा, म्हणजे मध्ये फट पडत नाही. कागद आकाराबाहेर थोडा सोडून कापा, कापडाच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटवा, गार होऊ द्या, मग नेमक्या रेषेवर कापा. कागद सोला, पार्श्वभूमीवर मांडा. इस्त्री फिरवू नका, उचलून-ठेवून दाबा. खाली-वर बेकिंग पेपर ठेवला तर इस्त्रीला गोंद लागत नाही. इस्त्री किती तापवायची आणि किती सेकंद दाबायची, हे त्या-त्या वेबच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, तेच पाळा.

मांडून झालं की लगेच चिकटवू नका. भिंतीला टाचण्यांनी लावा, रात्रभर राहू द्या. सकाळी कावळा अर्धा इंच खाली हवा होता हे आपोआप कळतं.

तीन थर आणि कच्चे टाके

टेबलावर अस्तर उलटी बाजू वर करून पसरा आणि चिकटपट्टीने चारी बाजूंनी ताणून बसवा. ताणून म्हणजे सुरकुती जाईल इतकंच. वर बॅटिंग, त्यावर चित्र. मग मधून बाहेर जात दर मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिन लावा किंवा लांब कच्चे टाके घाला. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि टाळता येत नाही. टाळली तर अस्तराला मागच्या बाजूने चुण्या पडतात, आणि त्या दिसतात तेव्हा वर चाळीस टिपा मारून झालेल्या असतात.

टाके: इथे चित्र उठतं

मशीनवर करणार असाल तर आधी अशाच तीन थरांच्या उरलेल्या तुकड्यावर दहा टिपा मारून पाहा. सुई ८० किंवा ९० नंबरची, टाक्याची लांबी ३ मिलिमीटरच्या आसपास. वॉकिंग फूट, म्हणजे मशीनला लावायचा खास पाय, असेल तर लावा. तो वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे नेतो, त्यामुळे थर एकमेकांवर सरकत नाहीत. खाली दोऱ्याचं घरटं झालं की सगळे बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. दोरा ओवताना मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचललेला हवा, तरच ताणाच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मध्ये नीट बसतो. पाय खाली ठेवून ओवला तर दोऱ्याला ताणच मिळत नाही.

पहिली टीप तारेची. डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत, मध्ये किंचित झोळ देऊन, गडद दोऱ्याने तीनदा जा. तिन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत पडल्या नाहीत तर उत्तमच, तार जाड वाटते. मग कावळ्याच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला, काठापासून दोरा-दोन दोरे आत, एक टीप. नंतर आकाश: आडव्या, हलक्या लाटेसारख्या रेषा, अर्ध्या इंचाच्या अंतराने. सरळ रेषा सोप्या वाटतात, पण जरा हुकली की नजर तिथेच अडकते. लाटेला ही भीती नाही.

आता एक गंमत बघा. जिथे टाके दाट, तिथे थर दबतो. जिथे विरळ, तिथे तो वर उठतो. आकाश दाट शिवलं आणि कावळ्याच्या अंगात फारसे टाके घातले नाहीत, की कावळा खरोखर पुढे येतो. बोट फिरवून बघा. रंगाच्या चित्राला हे जमत नाही, आणि मला विचाराल तर एवढ्यासाठीच हा उद्योग करायचा.

मशीन नसेल तरी काही अडत नाही. साधा धावदोरा घाला. इंचात किती टाके पडले हे मोजत बसू नका. सहा पडोत की आठ, सारखे दिसले की झालं. दोऱ्याची गाठ मागे उघडी ठेवू नका. सुई वरून बॅटिंगमध्ये घालून दोऱ्याला हलका झटका दिला की 'टक्' करून गाठ आत जाते. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी विनाकारण आणखी पाच गाठी मारल्या होत्या.

कडा, नेफा, नाव

टाके घातल्यावर काम आकसतं. म्हणून माप आत्ता घ्यायचं. काटकोन तपासून साडेबारा बाय साडेबारा इंचांवर कापा.

कडेला गोट लावता येतो, पण चित्राभोवती त्याची चौकट दिसते. मला कड मागे वळवलेली आवडते. अडीच इंच रुंद चार पट्ट्या कापा आणि लांबीत दुमडून इस्त्री करा. दोन पट्ट्या साडेबारा इंच लांब: डाव्या-उजव्या बाजूला, सुलट बाजूवर, कापलेल्या कडा जुळवून पाव इंचावर टीप मारा, मग पूर्ण मागे वळवून दाबा. राहिलेल्या दोन पट्ट्या चौदा इंच लांब ठेवा. त्यांची जादा टोकं मागे दुमडून वर-खाली शिवा, कोपऱ्यातलं जाड कापड छाटा, वळवा, आणि सगळ्या पट्ट्या मागून हाताने तुरपून टाका. कोपरा बोथट झाला तर विणकामाच्या सुईने आतून ढकला. कात्रीच्या टोकाने नको. मी एकदा कोपऱ्यातून आरपार गेले आहे.

टांगायची दांडी ओवण्यासाठी मागे कापडी नळी लागते, नाडी ओवायच्या नेफ्यासारखी. नऊ इंच रुंद, बारा इंच लांब कापड घ्या. दोन्ही टोकं दोनदा अर्धा-अर्धा इंच दुमडून शिवा, मग लांबीत सुलट बाजू बाहेर ठेवून दुमडा आणि पाव इंचावर टीप मारा. चार इंचांपेक्षा थोडा रुंद नेफा होतो. फूटभर कामाला तो मोठा वाटेल, पण प्रदर्शनं सहसा चार इंचांचाच मागतात, हात बसवून ठेवा. मागे वरच्या काठाखाली तो तुरपताना बाहेरचा थर अर्धा इंच सैल ठेवा, म्हणजे दांडीचा फुगवटा मागे राहतो, समोर उमटत नाही. टाका अस्तर आणि बॅटिंग यांतूनच घ्या.

शेवटी पट्टी: शीर्षक, नाव, वर्ष, माप. शिवून टाका, चिकटवू नका.

आता प्रदर्शन

मोठ्या नावांच्या मागे लागू नका. जवळच्या क्विल्ट गटाचं, ग्रंथालयातलं, कला महाविद्यालयाच्या वस्त्र विभागाचं प्रदर्शन जास्त शिकवतं, कारण तिथे शिवणारी माणसं कामाशेजारीच उभी असतात. जमलं तर कामाच्या दिवशी सकाळी जा. शेवटच्या दिवशी दुपारनंतर जाऊ नका. कामं उतरवायची लगबग सुरू झालेली असते. मोठी बॅग दाराशी ठेवा, हातात पेन नको, पेन्सिल चालेल.

पहिली फेरी न थांबता मारा. पाटी वाचायची नाही, फोटो नाहीत. मग ज्यांनी पाय अडले अशा तीनच कामांकडे परत या. मी पूर्वी सगळी ऐंशी-नव्वद कामं 'नीट' बघायचे आणि घरी आल्यावर एकही आठवायचं नाही.

त्या तीन कामांपुढे आधी दहा फुटांवर उभे राहा. काय दिसतं? मग हातभर अंतरावर या. आता काय दिसतं? या दोन उत्तरांत फरक नसेल, तर ते काम बहुधा रंगवूनही झालं असतं. नंतर बाजूला सरकून पृष्ठभागाकडे तिरकं बघा. टाक्यांची चढ-उतार समोरून कळत नाही, कडेने कळते. दाट कुठे, विरळ कुठे, आणि तिथेच का? कड बघा: गोट आहे की मागे वळवली आहे? काम भिंतीवर सपाट बसलंय की खालची कड लाटेसारखी झालीय? घरी कावळा शिवलेला असल्याने हे प्रश्न आता तुम्हाला आपोआप पडतील.

हात लावू नका. बोटांवरचं तेल आणि घाम कापडात मुरतो, आणि दिवसभरात शेकडो बोटं लागली की डाग पडतो. अनेक प्रदर्शनांत पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात. त्यांना "मागची बाजू दाखवाल का?" असं विचारा, मोठ्या आनंदाने दाखवतात. मागे दोऱ्याचा ताण, गाठी, नेफा, सगळं उघडं पडतं.

फोटोची परवानगी विचारा, फ्लॅश बंद ठेवा, आणि आधी पाटीचा फोटो काढा, म्हणजे काम कोणाचं हे नंतर शोधावं लागत नाही. फोटोवरून हुबेहूब तसंच शिवून आपल्या नावावर दाखवणं मात्र चोरी आहे, कापड वेगळं वापरलं तरी.

शिवणारी व्यक्ती भेटली तर "किती दिवस लागले?" हे विचारू नका, तिने ते त्या दिवशी वीस वेळा ऐकलेलं असतं. "कुठे अडलात?" असं विचारा. लोक खुर्ची ओढून बसतात आणि सांगतात. बक्षिसाच्या फितीवरून मत बनवायची घाई नको. परीक्षक कधी तंत्र मोजतात, कधी मांडणी, आणि नियम प्रत्येक प्रदर्शनाचे वेगळे असतात.

आपलं काम पाठवायचं असेल तर

प्रवेशपत्रिका शेवटपर्यंत वाचा: मापाची मर्यादा, काम किती जुनं चालेल, नेफा हवा का. निवड फोटोवरून होणार असेल तर सहसा एक पूर्ण आणि एक जवळचा फोटो मागतात. पूर्ण फोटोत चारही कडा दिसायला हव्यात, आणि धरणाऱ्याची बोटं व पावलं दिसता कामा नयेत. पाठवताना घडी घालू नका. चित्राची बाजू बाहेर ठेवून नळीवर गुंडाळा, म्हणजे समोर सुरकुत्या पडत नाहीत, आणि वरून सुती कापड. घरी टांगलंत तर थेट उन्हापासून दूर.

त्याआधी मात्र तुमचा कावळा जवळच्या एखाद्या क्विल्ट गटाच्या बैठकीला पिशवीतून घेऊन जा. तो टेबलावर ठेवलात की कोणीतरी समोरून धड बघायच्या आधीच उलटा करून मागची बाजू तपासेल. वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीही पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या कामाला तेच कराल.